ऑटोमॅटिक फोर बाय फोर तिसऱ्या गिअरमध्ये अडकली? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं तपासून घ्या

चिपळूण : घाटाखालच्या वाड्यांमध्ये जुन्या फोर बाय फोर गाड्या आता बऱ्याच दिसायला लागल्या आहेत. पुण्या-मुंबईत दहा-बारा वर्षं वापरलेली गाडी नव्याच्या मानाने स्वस्तात मिळते, चिखलातून निघते, चार पोती खत नि सहा माणसं घेऊन चढ चढते. त्यातल्या काही ऑटोमॅटिक असतात. जोवर चालते तोवर मजा, पण बिघडली की मालकाची झोप उडते. कारण तालुक्याच्या गॅरेजात क्लचप्लेट डोळे मिटून बदलणारे मिस्त्री आहेत, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडलेला माणूस मात्र शोधावा लागतो.

ओळखीतल्या एका बागायतदाराची अशीच पंधरा वर्षं जुनी डिझेल गाडी. जुलैत एका रात्री बाळंतपणासाठी वाडीतल्या एका बाईला घेऊन ते निघाले. अर्ध्या वाटेत मीटरवर लाल दिवा लागला आणि गाडी तिसऱ्या गिअरला चिकटून बसली. चढावर नुसतं इंजिन ओरडतंय, गाडी मुंगीच्या पावलाने चाललीय. कसेबसे पोचले, बाई सुखरूप राहिली. दुसऱ्या दिवशी गॅरेजात निदान झालं : “गिअरबॉक्स गेला. दुसरा बसवा, लाखाच्या वर जाईल.” गाडी तीन आठवडे अंगणात उभी राहिली. वाडीत रात्री निघणारी दुसरी गाडीच नाही. शेवटी बिघाड सापडला तो एका सेन्सरच्या कनेक्टरमध्ये. तो कसा सापडला ते पुढे येईलच.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली म्हणजे आतले दाते तुटले, असं समजू नका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा एक छोटा कॉम्प्युटर असतो. आत येणारा शाफ्ट किती फिरतो आणि बाहेर जाणारा किती, हे तो दोन सेन्सरवरून सतत ताडून बघतो. हिशोब जुळेना किंवा सेन्सरकडून काही येईनाच, तर तो गिअर बदलणं थांबवतो. बऱ्याच गाड्यांत मग तिसरा गिअर आणि रिव्हर्स एवढंच उरतं. याला ‘लिंप मोड’ म्हणतात, म्हणजे लंगडत का होईना घरी पोचा. उठावालाच तिसरा गिअर असल्यामुळे गाडी मेल्यासारखी वाटते. गाडी बंद करून दोन मिनिटांनी पुन्हा चालू केली की अनेकदा नीट चालते आणि थोड्या वेळाने परत अडकते. ती नेमकी कधी अडकते ते लिहून ठेवा. खड्ड्यात आदळल्यावर अडकत असेल तर संशय वायरिंगवर घ्या. दर वेळी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनची रेस एकदम वाढून अडकत असेल, तर आतली क्लचपॅक घसरतेय. मिस्त्रीला ‘गाडी बिघडली’ एवढंच सांगण्यापेक्षा हे सांगितलं तर त्याचा अर्धा दिवस वाचतो.

आधी ऑइल बघा

ऑटोमॅटिकमध्ये ऑइल फक्त वंगण नसतं. त्याच्याच दाबाने क्लच धरले जातात, त्याच्यातूनच इंजिनची ताकद पुढे जाते. ऑइल कमी झालं की पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि गिअर घसरतात. डीमध्ये टाकल्यावर सकाळी सकाळी दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग धाडकन गिअर पडतो, हे त्याचंच लक्षण. जास्त भरलं तरी चालत नाही, फिरणाऱ्या भागांनी घुसळून फेस होतो आणि त्रास तोच.

तपासायची पद्धत इंजिन ऑइलसारखी नाही. बहुतेक जुन्या फोर बाय फोरमध्ये गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम करायची, सपाट जागी हँडब्रेक लावून इंजिन चालूच ठेवायचं, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरांतून एकदा फिरवून परत पीमध्ये आणायचा आणि मग डिपस्टिक बघायची. काही कंपन्यांच्या गाड्यांत इंजिन बंद करून बघतात, म्हणून गाडीचं पुस्तक आधी चाळा. काहींना तर डिपस्टिकच नसते, खालचा बूच काढून ठरावीक तापमानाला पातळी बघावी लागते. ते घरी करू नका.

ऑइल पांढऱ्या टिश्यूवर घ्या. लालसर आणि स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी झालं असेल पण वास नसेल तर जुनं झालंय. काळपट आणि जळका वास येत असेल तर क्लचप्लेटी जळू लागल्यात. आणि स्ट्रॉबेरीच्या दुधासारखं गुलाबी दिसलं तर त्याच जागी गाडी बंद करा, गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर रेडिएटरच्याच टाकीत असतो. तो आतून फुटला की कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं. क्लचप्लेटींचं अस्तर पाण्याने फुगतं, त्याचा चिकटा सुटतो. लवकर कळलं तर रेडिएटर बदलून आणि ऑइल पुन्हा पुन्हा काढून गिअरबॉक्स वाचू शकतो. आठवडाभर तसंच पळवलं तर मग लाखाचंच काम. कूलंटच्या बाटलीत गुलाबी तवंग दिसतो, तेवढी नजर रोज टाकायला काही पैसे पडत नाहीत.

ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांसाठी आणखी एक. गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी एक बारीक नळी असते. ती तुटली किंवा सुटली असेल, तर गरम गिअरबॉक्स थंड पाण्यात गेल्यावर पाणी आत ओढून घेतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळुणात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. जुनी गाडी घेताना ती कधी बुडाली होती का, हे विचारण्यापेक्षा ऑइल काढून आणि कनेक्टर उघडून बघणं बरं. विकणारा खरं सांगेलच असं नाही.

स्कॅनर लावला, पण कुठला?

बागायतदारांच्या गाडीला गॅरेजने स्कॅनर लावला होता. साधा, इंजिनचे कोड वाचणारा. त्यावर आला पी ०७००. मिस्त्रीने त्याचा अर्थ लावला ‘गिअरबॉक्स खराब’. वास्तविक हा कोड एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी तक्रार आहे, ती तक्रार त्याच्याकडे जाऊन वाचा. एखाद्याच्या दारावरची बेल वाजली म्हणून घरात चोर शिरला, असं म्हणण्यासारखं झालं हे. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर कराडला मिळाला. त्यात निघाला पी ०७२०, म्हणजे बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा स्पीड सेन्सर. ऑइल स्वच्छ, वास नाही, गिअर घसरत नाहीत. मग विचारणा झाली की मीटरचा काटा कसा चालतो? तेव्हा त्यांना आठवलं, पंधरा दिवसांपासून काटा मधूनच शून्यावर पडत होता. त्या गाडीत मीटरला वेग कळतो तो याच सेन्सरकडून. कनेक्टर उघडला तर पिना हिरव्या पडलेल्या आणि शेजारची वायर उंदराने कुरतडलेली. वायर जोडली, सेन्सर आणि कनेक्टर बदलला. बिल काही हजारांत.

कोड मिळाला तरी लगेच पार्ट बदलू नये. कोड सर्किटचं नाव सांगतो, त्या सर्किटमध्ये सेन्सर येतो, वायर येते, अर्थिंगही येतं. जुनी मरतुकडी बॅटरी आणि गंजलेली अर्थिंगची पट्टी यांच्यामुळेही गिअरबॉक्सचे भलतेच कोड येतात. मल्टिमीटर घेऊन आधी ते बघावं.

गिअरबॉक्सवर नाहक येणारा आळ

फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते, आपल्याकडे ‘छोटा गिअर’ म्हणतात ती. तिचा लिव्हर अर्धवट राहून न्यूट्रलला अडकला तर डी टाका की आर, गाडी हलत नाही. लोक गाडी टो करून नेतात आणि गॅरेजवाला लिव्हर ढकलून देतो. फोर-लोमध्ये राहिली तर इंजिन ओरडतं, वेग येत नाही, आणि मालक म्हणतो गिअर घसरतोय. सुक्या डांबरावर फोर-हाय ठेवून वळण घेतलं तर गाडी अडखळते, झटके देते. बहुतेक जुन्या गाड्यांत पुढची नि मागची चाकं तेव्हा एकत्र बांधलेली असतात आणि वळणावर त्यांना वेगवेगळं फिरावं लागतं. तो काही बिघाड नव्हे.

थांबताना किंवा निघताना खालून ‘टक्क’ आवाज येतो, त्याचाही संशय गिअरबॉक्सवर जातो. आधी प्रॉपेलर शाफ्टचं ग्रीसिंग करा, क्रॉस हलवून बघा.

साठ-सत्तरच्या वेगाला, हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते, तेव्हा रिकाम्या सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला अगदी हलका स्पर्श करा. थरथर लगेच थांबली तर संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकवर, कारण ब्रेकचा दिवा लागताच तो सुटतो. नाही थांबली तर इंजिन किंवा शाफ्ट बघा. लॉकची थरथर पुष्कळदा चुकीच्या ऑइलमुळेही येते. ‘लाल ऑइल सगळं सारखंच’ हे खरं नाही, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घालावं लागतं.

हे सगळं पार करूनही गिअर घसरत असतील तर मात्र खालचं पॅन उतरवावं लागतं. चुंबकावर राखाडी मलमासारखा पातळ थर असतोच, त्याला घाबरू नका. धातूचे तुकडे किंवा अस्तराच्या काळ्या पापड्या निघाल्या तर गिअरबॉक्स उघडायला पर्याय नाही. त्याआधी ऑइलचा दाब गेजवर मोजून मागा. सगळ्याच गिअरांत दाब कमी असेल तर पंप, फिल्टर किंवा मुख्य व्हॉल्व्हकडे बोट जातं, एकाच गिअरमध्ये कमी असेल तर त्या गिअरच्या सीलकडे. दाब न मोजता ‘पूर्ण बदलू’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणायला लाजू नका.

आणि गाडी बंद पडलीच तर चाकांवर ओढत नेऊ नका. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा ऑइल पंप बंद, आतले भाग कोरडे फिरतात. ट्रक-टेम्पोवर चढवून न्या, किंवा पुस्तकात तशी मुभा असेल तर ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकून. बागायतदारांनी पहिल्या दिवशी ट्रॅक्टरला दोरी बांधायला घेतली होती. गावातल्या एका निवृत्त एसटी मेकॅनिकने ती सोडायला लावली.