यंत्रभागाची जन्मपत्रिका

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे ते मूळ. नाशिकजवळ ओझर येथील तिच्या कारखान्यात मिग व सुखोई विमाने तयार झाली. बेळगावातही आज विमानांचे सुटे भाग घडतात. आपल्या घरांतील तरुण अभियंत्यांना हे क्षेत्र खुणावत आहे. परंतु तेथील ‘प्रोजेक्ट इंजिनिअर’ नेमके काय करतो, हे पालकांस फारसे ठाऊक नसते.

तो स्वतः यंत्र क्वचितच चालवतो. ग्राहकाचा आराखडा हाती आल्यापासून माल रवाना होईपर्यंत कच्चा माल, हत्यारे, यंत्रांचा वेळ, तपासणी आणि खर्च यांची सांगड घालणे, हे त्याचे काम. नव्या भागाचा पहिला नग तयार झाला की आराखड्यातील प्रत्येक माप मोजून नोंदवले जाते. धातू कोणत्या घाणीतला, त्यावर कोणती प्रक्रिया झाली, तपासला कोणी, याचा लेखी पुरावा लागतो. बँकेत व्हाउचरवाचून नोंद नाही. तेथे दाखल्यावाचून भाग नाही.

हा काटेकोरपणा अनाठायी नव्हे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे डीसी-१० विमान कोसळले. २९६ जणांपैकी ११२ दगावले. शेपटीकडील इंजिनातील टायटॅनियमची चकती उड्डाणात फुटली होती. दोष धातू वितळवतानाच, सुमारे १८ वर्षांपूर्वी, शिरला होता. तपासात एकाच अनुक्रमांकाच्या दोन चकत्यांच्या नोंदी आढळल्या आणि मूळ धातूचा माग काढणे अवघड झाले.

या अभियंत्याची खरी कसोटी मुदतीच्या आदल्या दिवशी लागते. एखादे माप केसभर मर्यादेबाहेर गेलेले असते. डोळ्यांना ते दिसतही नाही. तरीही त्याने विसंगतीचा अहवाल लिहून काम थांबवायचे असते. भाग वापरावा, दुरुस्त करावा की मोडीत काढावा, हे अधिकृत तज्ज्ञ ठरवतात. विलंबाचा ठपका आणि वरिष्ठांची नाराजी मात्र त्याला सोसावी लागते.

म्हणून मुलांना या क्षेत्राकडे पाठवताना केवळ गुणपत्रिका पाहू नये. हातून काच फुटली, तर आपले मूल ते निर्भयपणे सांगते काय, हेही पाहावे. तसे सांगता येण्याजोगे वातावरण घरात राखणे, ही मात्र आपली जबाबदारी.