बारा व्होल्ट, शंभर अँपिअर

सकाळी ७

उन्हाळ्यात जाड केबलचं काम असलं की मी सातलाच शटर वर करतो. अकरानंतर पूर्णेत पिकअपच्या पत्र्याला हात लावायची सोय राहत नाही. आजची गाडी रात्रीच दुकानासमोर लावून ठेवलेली आहे. मालक मंडप-बिछायतवाले, सोबत साउंडचा धंदा. चैत्रापासून लग्नं आणि मधूनमधून गावोगावचे हरिनाम सप्ताह. त्यांची अडचण नेहमीची. रात्री नऊचं कीर्तन रंगात येतं आणि लाईट जाते. जनरेटर ओढावा तर महाराजांच्या आवाजावर त्याची घरघर बसते, आणि लांब नेऊन ठेवावा तर डिझेल संपल्याचं कळत नाही. म्हणून त्यांना गाडीतच इन्व्हर्टर हवा आहे. इंजिन बंद, आवाज नाही, माईक आणि दिवे चालू.

इन्व्हर्टर त्यांनी ऑनलाइन मागवला. खोक्यावर हाताएवढ्या अक्षरांत ३००० वॉट.

साडेसात

खोक्यावरच्या आकड्याला मी मान देत नाही. मागची बाजू खोलली की पट्टीवर फ्यूज दिसतात, ते मोजायचे. या डब्यात तीस अँपिअरचे सहा. म्हणजे १८० अँपिअर, बारा व्होल्टनं गुणलं तर २१६० वॉट, आणि तेही आत जाणारे. उष्णतेत जातं ते वजा करा. तीन हजार वॉट यातून फार तर क्षणभर निघतील, मोटर उचलण्यापुरते. मी हा डबा दीड हजारांचा धरतो आणि काम बाराशेच्या आत ठेवतो.

पोरगा विचारतो, "उस्ताद, मग हे खोटं छापलंय का?"

खोटं नाही, क्षणाचं खरं आहे. सप्ताहातलं कीर्तन मात्र दोन तास चालतं.

आठ

मालक आले. चहा येईपर्यंत मी वहीत लोड लिहून घेतो. वायरला हात लावायच्या आधी हा कागद पुरा झाला पाहिजे, नाहीतर आधी कळस मग पाया होतो. चार एलईडी फ्लड, प्रत्येकी शंभर वॉटचे, ४००. अँप्लिफायरवर हजार लिहिलेले असले तरी कीर्तनात तो सरासरी साडेतीनशेच्या आसपास ओढतो. डीजे लावला तर गोष्ट वेगळी. मिक्सर आणि बाकी किरकोळ ६०. महाराजांना आणि मृदंगाला दोन स्टँड फॅन, १४०. बेरीज साडेनऊशे, आपण हजार धरू.

"आणि दुपारच्या पंगतीला चटणीची मशीन," मालक म्हणतात.

"किती एचपी?"

"दोन."

दोन एचपी म्हणजे चालताना दीड हजार वॉट, आणि उठताना पाच-सहा पट. मी वहीत ते लिहीतच नाही.

"दादा, मशीन जमणार नाही. ती लाईट असेल तेव्हा चालवा, नाहीतर जनरेटरवर."

"अहो मिस्त्री, तीन हजारांचा घेतलाय की!"

फ्यूजची पट्टी दाखवली, गुणाकार दाखवला. पटलं की नाही माहीत नाही, पण चहा आला आणि विषय तिथेच राहिला.

पुढचा हिशेब अँपिअरचा. बाहेर हजार वॉट द्यायचे तर इन्व्हर्टर आत साडेअकराशेच्या आसपास घेतो. बारानं भागलं की साधारण ९५ अँपिअर. घरात हेच हजार वॉट २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरात भागतात, बोटाएवढ्या प्लगातून. इथे लोक चुकतात. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून त्याला गरीब समजतात. पण वायर तापते ती अँपिअरनं, आणि गाडी जळते तीही त्यानंच.

नऊ

मालकांनी सोबत एक वायरचं भेंडोळं आणलं आहे, १६ चौरस मिलिमीटरचं. त्यांचा बेत असा: पुढच्या बॅटरीपासून ही वायर मागे हौद्यात न्यायची, तिथे इन्व्हर्टर. जाऊन-येऊन दहा मीटर. तांब्याच्या १६ च्या वायरला दहा मीटरमागे साधारण १०.७ मिलिओम. ९५ अँपिअर गेले की एक व्होल्ट वाटेतच सांडला. जवळजवळ शंभर वॉट नुसती वायर तापवायला! वर लोडखाली बॅटरी साडेअकरावर आली की इन्व्हर्टरला साडेदहाच पोचतात, तो पीप पीप करून बंद पडतो. मग फोन येतो की मिस्त्री, इन्व्हर्टर खराब निघाला.

शिवाय पुढची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेली. तिला क्षणभर भरपूर करंट द्यायची सवय. रोज पार निचरा केला तर एका सीझनमध्ये प्लेटा झडतात. म्हणून माझी मांडणी वेगळी. हौद्यात दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, बारा व्होल्ट दीडशे एएचच्या, एकाच वेळी घेतलेल्या, समांतर जोडलेल्या. इन्व्हर्टर त्यांच्यापासून एका मीटरवर, ७० चौरस मिलिमीटरच्या केबलनं. पुढच्या बॅटरीपासून मागे येईल ती फक्त चार्जिंगची लाइन, ३५ ची. १६ चं भेंडोळं घरी न्या, मंडपाच्या मेन लाइनला होईल.

साडेनऊ

एक ट्रॅक्टर मध्येच. सेल्फ नुसता टकटक करतोय. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं पीठ. गरम पाणी, ब्रश, ग्रीस, पाना. पंधरा मिनिटांचं काम, पैसेही तेवढेच.

दहा

केबल. ७० ची केबल म्हणजे वेल्डिंगवाल्यांची, नांदेडहून आणलेली. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेलीही मिळते, वरून तशीच लालसर. मी एक तार घेऊन ब्लेडनं खरवडतो. आत पांढरी निघाली तर परत. ही आतपर्यंत लाल आहे.

आता थिंबल, आणि या कामाला मी कुणाला घाई करू देत नाही. आवरण काढताना ब्लेड गोल फिरवायची पण शेवटचा पापुद्रा हातानं सोडवायचा, नाहीतर बाहेरच्या पाच-पंचवीस तारा कापल्या जातात आणि आपण सत्तरच्या पैशात साठची केबल बसवतो. उघडा भाग थिंबलच्या नळीएवढाच. तारा आत जाताना एकही बाहेर वाकता कामा नये. मग हायड्रॉलिक क्रिम्पिंग, षटकोनी डाय, एक दाब तोंडाजवळ, एक मागे. पुष्कळ जण थिंबल पान्यात धरून हातोडीनं चेपतात आणि वरून डाक ओततात. दिसायला चकचकीत. पण तो जोड तापला की डाक मऊ पडतो, जोड ढिला होतो, ढिला झाला की आणखी तापतो. पोरगा पहिली थिंबल करतो. मी ती व्हाइसमध्ये धरून दोन्ही हातांनी ओढतो. येत नाही. दुसरी, तिसरी त्यानंच करावी. वर काळी स्लीव्ह, हॉट गननं आवळलेली.

अकरा

रेल्वेतून रिटायर झालेले एक काका रोज या वेळेला सावलीला येऊन बसतात. पूर्णा जंक्शनचं गाव, मनमाड-काचीगुडा मार्गाला अकोल्याची लाइन इथे येऊन मिळते; त्यामुळे दुकानात बसणाऱ्या चार म्हाताऱ्यांपैकी दोन रेल्वेचे निघतात. हे काका डब्यांच्या दिव्यापंख्याच्या कामावर होते.

केबल पाहून ते हसले. "आम्ही हेच केलं रे आयुष्यभर. फक्त खाली वाकून."

खरंच आहे. जुन्या पद्धतीच्या डब्याखाली चाकाच्या अॅक्सलवरून पट्ट्यानं अल्टरनेटर फिरतो, शेजारी बॅटऱ्या टांगलेल्या, गाडी चालली की चार्ज, थांबली की बॅटरीवर दिवे. पूर्वी साध्या डब्यात चोवीस व्होल्ट असत, पुढे ११० झाले. काका सांगतात, साध्या डब्याचा अल्टरनेटर साडेचार किलोवॉटचा. ११० वर ते चाळीस-एकेचाळीस अँपिअर. चोवीसवर तेवढीच ताकद घ्यायची तर १८७! एसी डब्याखाली पंचवीस किलोवॉटचे दोन-दोन. "व्होल्ट वाढवला म्हणून वायर हलकी झाली," काका म्हणाले, "तुझ्या गाडीत तो उपाय नाही. बारा ते बाराच."

इतकं नेमकं मला कुणी शिकवलं नव्हतं. काकांना दुसरा चहा.

साडेअकरा

गाडी बीएस-६ ची, म्हणून मायनस पाहावा लागतो. एप्रिल २०२० नंतरच्या काही गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवरच करंट मोजणारा सेन्सर असतो. गाडीचा कॉम्प्युटर त्यावरून अल्टरनेटर कमी-जास्त करतो. आपण वायर थेट टर्मिनलला चिकटवली तर तो करंट मोजला जात नाही आणि अल्टरनेटरला वाटतं सगळं भरलेलं आहे. मायनस सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या अर्थिंगवर घ्यायचा. रंग पत्र्यापर्यंत खरवडून, दातेरी वॉशर, वर ग्रीस.

प्लसला बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. चार्जिंगच्या लाइनला दोन्ही टोकांना शंभर अँपिअरचा, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्ये कुठे वायर घासून चॅसिसला लागली तर दोन्हीकडून आग ओतली जाईल. त्या लाइनमध्येच व्होल्ट ओळखणारा रिले. इंजिन चालू होऊन तेराच्या वर व्होल्ट गेले की मागच्या बॅटऱ्या जोडतो, उतरले की सोडतो. कीर्तन कितीही लांबलं तरी सेल्फ मारायला पुढची बॅटरी शाबूत. इन्व्हर्टरच्या केबलला दोनशेचा फ्यूज. समांतर बॅटऱ्यांना प्लस एकीवरून, मायनस दुसरीवरून, म्हणजे दोघी सारख्या झिजतात.

एक ते तीन

जेवण आणि बंद शटर.

तीन

हौद्यातलं काम. बॅटऱ्यांना अँगलची चौकट, खाली रबर, वरून पट्टी. चौकट नटबोल्टवर, काढता येईल अशी. गाडी एमएच-२२ ची. हौदा कापायचा किंवा गाडीचं रूप बदलायचं म्हटलं तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं, आणि परभणीच्या आरटीओत हेलपाटे मारायला मालकांना सीझनमध्ये वेळ नाही. मी तशी कामं घेतच नाही.

मालकांना बॅटऱ्या लाकडी पेटीत हव्या होत्या, वर गादी टाकून बसता यावं म्हणून. ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बंद पेटी, आत वायू, वर बिडी ओढणारा माणूस! पेटीला खाली-वर जाळी ठेवली, गादी रद्द. इन्व्हर्टर बॅटरीच्या वर नाही, बाजूच्या फळीवर. ॲसिडच्या वाफेनं आतली पाटी खाल्ली जाते.

केबल जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि प्रत्येक फुटावर क्लॅम्प. ताडकळसच्या रस्त्यानं भरलेली गाडी एकदा गेली की कुठला क्लॅम्प राहिला ते आपोआप कळतं.

पाच

ट्रायल. मंडपवाल्यांकडे जुने हॅलोजन असतातच. पाचशेचे दोन लावले की नेमके हजार वॉट. क्लॅम्प मीटर केबलभोवती. ९४. पोरगा वहीकडे बघतो, मीटरकडे बघतो. बॅटरीवर व्होल्ट १२.१.

आता हात फिरवायचा नाही, मीटर मिलिव्होल्टवर टाकायचा आणि एकेका जोडाच्या दोन्ही बाजूंना टोचायचं. थिंबलांवर पाच, सहा, पाच. एका नव्या बॅटरीच्या टर्मिनलवर ८०. आकडा छोटा वाटतो, पण एका बॅटरीच्या वाट्याला येणाऱ्या ९४ च्या निम्म्यानं गुणलं तरी पावणेचार वॉट एवढ्याशा शिशात मुरतायत. क्लॅम्प काढला, टर्मिनलवर कारखान्यातून आलेला मेणासारखा थर. पॉलिश पेपर, पुन्हा आवळला. ९. हात लावून हे कळलं असतं, पण अर्ध्या तासानं, आणि तेही चटका बसून.

सहा

मालकांना समजावायचं. "किती वेळ चालेल?" हा एकच प्रश्न. दोन बॅटऱ्या मिळून तीनशे एएच हे वीस तासांत हळूहळू काढले तर. शंभराच्या वेगानं ओढलं की सव्वादोनशेच्या आसपास हाती लागतात. म्हणजे पूर्ण लोडवर दीड तास निर्धास्त, दोन तास ताणून. फ्लड दोन बंद केले तर पूर्ण कीर्तन आरामात.

"गाडी चालू ठेवली तर?"

जागेवर उभ्या इंजिनचा अल्टरनेटर बिल्ल्यावर लिहिलेलं सगळं देत नाही, त्यात उन्हाळा. तीस-चाळीस अँपिअर उरले तर उरले. रिकाम्या बॅटऱ्या त्यावर भरायला पाच-सहा तास, वर शेवटचा हप्ता हळू. परतीच्या वीस किलोमीटरमध्ये होणारं काम नाही. घरी चार्जर लावा, रात्रभर.

आणि चेंजओव्हर. हे मी दोनदा सांगतो. इन्व्हर्टरचं आउटपुट मंडपाच्या बोर्डात मागच्या दारानं घालायचं नाही. मध्ये चेंजओव्हर स्विच, एकीकडे महावितरण, दुसरीकडे गाडी, दोन्ही एकदम कधीच नाही. नाहीतर लाईट गेली म्हणून वायरमन पोलावर चढलेला असतो, आणि आपल्या गाडीतले २३० व्होल्ट उलटे ट्रान्सफॉर्मरला जाऊन वर अकरा हजार होऊन त्याच्या हातात येतात. साध्या एमसीबीनं हे टळत नाही. स्विच मी दुकानातून दिला, बिलात लावला.

सात

झाकणावर मार्करनं लिहून दिलं: फ्लड ४, साउंड, पंखे २. त्याखाली: मोटर नाही.

मालकांनी वाचलं. "चटणीची पण नाही?"

"चटणीचीच."

निम्मे पैसे रोख मिळाले, उरलेले सप्ताह उठल्यावर. गाडी आज रात्रीच ताडकळसकडे जाणार आहे. काका त्यांच्यासोबत जायचं म्हणतायत, कीर्तनाला की मीटर बघायला ते विचारलं नाही. पोरगा क्रिम्पिंगची डाय पुसून डब्यात ठेवतोय आणि उद्या सकाळच्या ऊसतोडीच्या ट्रकचं लायटिंग कधी घ्यायचं ते विचारतोय. आठला.