माळढोक पुनर्प्राप्ती कार्यक्रम

माळढोक पुनर्प्राप्ती कार्यक्रम हा माळढोक (शास्त्रीय नाव: आर्डिओटिस नायग्रिसेप्स) या अतिसंकटग्रस्त पक्ष्याची संख्या पुन्हा वाढावी यासाठी भारतात राबविला जाणारा संवर्धन कार्यक्रम आहे. केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, राज्यांचे वनविभाग आणि देहरादून येथील भारतीय वन्यजीव संस्था यांचा त्यात प्रमुख सहभाग आहे. गवताळ अधिवासाचे व्यवस्थापन, विद्युतवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू रोखणे, बंदिस्त प्रजनन आणि स्थानिक लोकांचा सहभाग हे कार्यक्रमाचे मुख्य घटक आहेत.

राजस्थानात 'गोडावण' या नावाने ओळखला जाणारा हा पक्षी १९८१ पासून त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये त्याचा समावेश असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०११ मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त वर्गात टाकले.

पार्श्वभूमी

माळढोक पूर्वी पंजाबपासून तमिळनाडूपर्यंतच्या कोरड्या गवताळ प्रदेशात आढळत असे. १९६९ च्या सुमारास त्यांची संख्या सुमारे १,२६० असावी असा अंदाज होता. २००८ पर्यंत ती सुमारे ३०० वर आली. २०१८ च्या सुमारास जगभरात १५० च्या आसपास पक्षी उरले होते आणि त्यांपैकी बहुसंख्य राजस्थानातील थर वाळवंटात होते. भारतीय वन्यजीव संस्थेच्या २०१७-१८ मधील सर्वेक्षणात राजस्थानातील संख्या सुमारे १२८ असल्याचा अंदाज वर्तविण्यात आला.

या पक्ष्याच्या संवर्धनाची चर्चा त्याआधीच सुरू झाली होती. १९८० मध्ये जयपूर येथे माळढोकवर्गीय पक्ष्यांवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला. त्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने या पक्ष्याचा दीर्घकालीन क्षेत्रीय अभ्यास केला. त्याच सुमारास राजस्थानातील मरुभूमी राष्ट्रीय उद्यान (१९८०), महाराष्ट्रातील माळढोक पक्षी अभयारण्य (१९७९), मध्य प्रदेशातील करेरा आणि आंध्र प्रदेशातील रोल्लापाडू ही संरक्षित क्षेत्रे घोषित करण्यात आली. मात्र क्षेत्रे राखीव ठेवूनही पक्ष्यांची संख्या घटतच राहिली. त्यामुळे केवळ क्षेत्रसंरक्षणावर न थांबता प्रजातीच्या जीवनचक्राला धरून योजना आखण्याची गरज पुढे आली.

जीवनचक्र आणि योजनेचे गणित

माळढोक हा उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक आहे. पूर्ण वाढलेला नर सुमारे एक मीटर उंच व १५ किलोग्रॅमपर्यंत वजनाचा असतो. मादी आकाराने बरीच लहान असते. विणीच्या हंगामात नर गळ्याची पिशवी फुगवून ठरावीक जागी प्रणयप्रदर्शन करतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, सुमारे २७ दिवस ते एकटीच उबविते आणि पिलाचे संगोपनही एकटीच करते.

जो पक्षी दीर्घकाळ जगतो आणि वर्षाला फार तर एखादे पिलू वाढवितो, त्याच्या संख्येचे भवितव्य मुख्यतः प्रौढ पक्ष्यांच्या जगण्यावर अवलंबून असते. कुत्र्याने वा कोल्ह्याने अंडे नष्ट केल्यास मादी त्याच हंगामात पुन्हा अंडे घालू शकते. परंतु एक प्रौढ मादी मेली तर तिची पुढील अनेक वर्षांची वीण संपते. लहान संख्येच्या गटात अशा मोजक्या मृत्यूंचा परिणामही नामशेष होण्यापर्यंत जाऊ शकतो. म्हणून पुनर्प्राप्तीच्या नियोजनात प्रौढांचे मृत्यू रोखणे, वीणक्षेत्रे निर्धोक करणे आणि बंदिस्त प्रजननातून राखीव संख्या उभारणे ही कामे एकाच वेळी करावी लागतात. यांपैकी एकाच कामावर भर दिल्यास इतरांचे फळ वाया जाण्याची शक्यता असते.

ऱ्हासाची कारणे

पूर्वी शिकार हे मोठे कारण होते. त्यानंतर अधिवासाचा ऱ्हास अधिक गंभीर ठरला. महसुली नोंदींत माळरानाची गणना बहुधा 'पडीक' जमिनीत होते. त्यामुळे ही जमीन सिंचित शेती, उद्योग, खाणी आणि वृक्षलागवड यांसाठी सहज उपलब्ध झाली. गवताळ परिसंस्थेत झाडे लावणे हे निसर्गसंवर्धन मानले गेले, तरी मोकळ्या क्षेत्रावर अवलंबून असलेल्या माळढोकासाठी ते हानिकारक ठरते. मोकाट कुत्री, अतिचराई आणि कीटकनाशकांमुळे घटलेले कीटकखाद्य ही आणखी काही कारणे आहेत.

अलीकडील काळात विद्युतवाहिन्या हा सर्वांत मोठा धोका मानला जातो. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला समोरचे मर्यादित दिसते आणि जड शरीरामुळे तारेजवळ आल्यावर त्याला ऐनवेळी दिशा बदलता येत नाही. थर प्रदेशात दरवर्षी सुमारे १८ माळढोक विद्युतवाहिन्यांना धडकून मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे.

कार्यक्रमाची रूपरेषा

केंद्र शासनाच्या 'वन्यजीव अधिवासांचा एकात्मिक विकास' या योजनेत अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या पुनर्प्राप्तीसाठी स्वतंत्र घटक असून त्यात माळढोकाचा समावेश आहे. २०१२ मध्ये मंत्रालयाने भारतातील निवासी माळढोकवर्गीय पक्ष्यांसाठी राज्यांनी कृती आराखडे कसे तयार करावेत, याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. विस्तीर्ण प्रदेश पूर्णतः बंद करण्याऐवजी लहान वीणक्षेत्रांना कडक संरक्षण द्यावे आणि भोवतालच्या शेती व चराईच्या प्रदेशात पक्ष्यांना अनुकूल असा जमीनवापर टिकवावा, असा त्यांचा रोख होता. राजस्थान शासनाने ५ जून २०१३ रोजी स्वतःचा माळढोक प्रकल्प जाहीर केला.

२०१६ मध्ये अधिवास सुधारणा आणि बंदिस्त प्रजनन यांचा एकत्रित प्रकल्प मंजूर झाला. त्यासाठी भरपाई वनीकरण निधीतून ३३.८५ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात कुंपण घालून कुत्री व इतर भक्षकांपासून मुक्त अशी वीणक्षेत्रे राखण्यात आली.

बंदिस्त प्रजनन

२०१९ मध्ये जैसलमेर जिल्ह्यातील सम येथे प्रजनन केंद्र सुरू झाले; नंतर रामदेवरा येथे दुसरे केंद्र उभारण्यात आले. या कामात अबू धाबी येथील हौबारा संवर्धन निधीचे तांत्रिक साहाय्य लाभले आहे. प्रारंभी रानातील घरट्यांतून अंडी गोळा करून ती यंत्रात उबविण्यात आली. अंडे उचलल्यानंतर मादी पुन्हा अंडे घालण्याची शक्यता असल्याने या पद्धतीचा रानातील संख्येवर तुलनेने कमी ताण पडतो.

केंद्रात वाढलेल्या पक्ष्यांच्या मीलनातून मार्च २०२३ मध्ये पहिले पिलू जन्मले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिलू जन्माला आले. २०२४ अखेर दोन्ही केंद्रांत मिळून ४० हून अधिक पक्षी होते. माणसाच्या हाताखाली वाढलेले पक्षी माणसाला सरावतात. त्यामुळे त्यांना भक्षक ओळखण्याची सवय लावून रानात सोडणे, हा कार्यक्रमाचा अधिक अवघड टप्पा मानला जातो. ज्या माळरानावर ते सोडायचे, ते तोपर्यंत सुरक्षित उरणे ही त्याची पूर्वअट आहे.

विद्युतवाहिन्या आणि न्यायालयीन प्रक्रिया

निवृत्त सनदी अधिकारी व वन्यजीव संवर्धक एम. के. रणजितसिंह आणि इतरांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. १९ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयाने माळढोकाच्या प्राधान्य क्षेत्रातील वाहिन्या शक्य तेथे भूमिगत करण्याचे आणि इतर वाहिन्यांवर 'बर्ड डायव्हर्टर' म्हणजे पक्ष्यांना तारा दुरून दिसाव्यात यासाठीची उपकरणे बसविण्याचे आदेश दिले. या आदेशाच्या कक्षेत सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर क्षेत्र येत होते.

हा प्रदेश देशातील सौर व पवन ऊर्जेसाठीही महत्त्वाचा आहे. उच्चदाबाच्या वाहिन्या मोठ्या अंतरावर भूमिगत करणे तांत्रिकदृष्ट्या व्यवहार्य नाही, अशी भूमिका केंद्र शासनाने घेतली. २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने पूर्वीच्या सरसकट निर्देशांत बदल केला आणि पक्ष्याचे संरक्षण व ऊर्जाविकास यांचा मेळ घालण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १४ व २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे न्यायालयाने याच निकालात मान्य केले.

महाराष्ट्रातील अनुभव

सोलापूरजवळील नान्नज हे माळढोकाचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित स्थान आहे. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली येथे राखलेल्या कुरणांमुळे गवताला संरक्षण मिळाले आणि पक्ष्यांना विणीसाठी जागा उपलब्ध झाली. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले.

या क्षेत्राचा फार मोठा भाग खासगी शेतजमिनींचा व गावांचा होता. अभयारण्याच्या नियमांमुळे जमिनीचे व्यवहार आणि विकासकामे यांवर निर्बंध आले आणि पक्षी क्वचितच दिसणाऱ्या गावांतही त्याच्याविषयी नाराजी निर्माण झाली. पुढे अभयारण्याची फेररचना होऊन क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. दरम्यान सिंचनाच्या सोयींबरोबर उसासारखी पिके वाढली आणि कोरडवाहू शेती व माळरान यांचे प्रमाण घटले. सध्या सोलापूर परिसरात माळढोक क्वचितच दिसतो. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा परिसरातूनही त्याच्या तुरळक नोंदी झाल्या आहेत.

मध्य प्रदेशातील करेरा अभयारण्यातही असाच अनुभव आला. तेथे संरक्षणामुळे काळविटांची संख्या वाढली आणि पिकांचे नुकसान होऊ लागले. जमीनविक्रीवरील बंधनांमुळेही ग्रामस्थांचा विरोध वाढला. १९९० च्या दशकात तेथील माळढोक नाहीसा झाला आणि पुढे अभयारण्यही रद्द करण्यात आले.

आव्हाने

कच्छमधील गटात केवळ माद्या उरल्याच्या नोंदी असल्याने तेथे नैसर्गिक प्रजनन खुंटले आहे. उरलेल्या पक्ष्यांतील जनुकीय विविधता कमी आहे. सीमेपलीकडे पाकिस्तानात शिकारीचा धोका कायम आहे. २०२० मध्ये गांधीनगर येथे झालेल्या स्थलांतरित प्रजातीविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत माळढोकाचा परिशिष्ट १ मध्ये समावेश झाल्याने सीमापार सहकार्याला औपचारिक आधार मिळाला.

थर प्रदेशात माळढोक टिकण्यामागे 'ओरण' या देवराईसदृश सामुदायिक भूमींचे संरक्षण आणि पशुपालक समाजांचा जमीनवापर यांचाही वाटा आहे. अशा भूमींची महसुली नोंद पडीक म्हणूनच राहिल्यास त्या इतर प्रकल्पांसाठी दिल्या जाण्याची शक्यता असते. त्यामुळे गवताळ प्रदेशांना धोरणात स्वतंत्र परिसंस्था म्हणून स्थान मिळावे, अशी मागणी अभ्यासक करीत आले आहेत.

हे सुद्धा पहा

तणमोर
नान्नज
मरुभूमी राष्ट्रीय उद्यान
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२