डिस्क ब्रेक आहे, पण भरवशाचा आहे का?

मुलांनी माउंटन बाइकचा हट्ट धरला की दुकानदार आधी डिस्क ब्रेक दाखवतो. नुसती चकती पाहून भुलू नका. घाटाच्या उतारावर सायकल वेळेत थांबायला हवी.

स्वस्त सायकलींना बहुधा तारेवर चालणारा मेकॅनिकल ब्रेक असतो. तो वाईट नाही. तार तुटली तर गल्लीतला सायकलवालाही बदलून देतो. पण पॅड झिजले की तो पुन्हा पुन्हा जुळवावा लागतो आणि मुलं कुठली लक्ष देतात! हायड्रॉलिकमध्ये तेलाचा दाब काम करतो, एका बोटाने लिव्हर दाबली तरी पुरते. लहान हातांसाठी, परवडत असेल तर तोच घ्या. फक्त तेल कोणतं ते विचारून ठेवा. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, काही ब्रेकना डॉट फ्लुइड. अदलाबदल झाली की आतले सील खराब होतात.

रोटर साधारण १६० मिमीचा पुरतो. चालवणारा वजनदार असेल किंवा उतार लांबलचक असतील तर १८० बरा, पण फोर्क आणि फ्रेमला तो चालतो का ते आधी पाहा. रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असेल तर मेटल पॅड मुळीच लावू नका. शिमानोचा नवा रोटर १.८ मिमी जाड असतो, झिजून १.५ वर आला की बदलायचा.

चेनला तेल घालताना रोटर झाकून घ्या. आणि हो, घाट उतरल्यावर मुलांना त्याला हात लावू देऊ नका, तव्यासारखा तापलेला असतो.