एका शब्दाची ठोकर

भाषांतराच्या वहीत तांबड्या शाईची वर्तुळे पडणे मला नवीन नाही. पण गेल्या सत्रात एका वाक्याशेजारी बाईंनी वर्तुळ न काढता नुसता प्रश्न लिहिला, "कोणाला विचारून?" उतारा गोपाळ गणेश आगरकरांवरचा होता, मराठीतून इंग्रजीत करायचा. आगरकर टेंभूचे, म्हणजे आमच्या कराड तालुक्यातले. तेव्हा मी जरा उत्साहातच होतो. मूळ वाक्य साधे होते : आगरकरांनी मोठ्या पगाराच्या नोकरीवर पाणी सोडले. मी कोशातून त्यातल्या त्यात भारदस्त क्रियापद उचलले, 'स्पर्न'. 'रिजेक्ट' काय, कोणीही लिहितो!

तास संपल्यावर बाईंनी थांबवून घेतले. म्हणाल्या, "अरे, आगरकरांनी नोकरीला लाथ मारली असं तुला कोणी सांगितलं?"

लाथ हा शब्द त्यांनी सहज वापरला नव्हता. 'स्पर्न'चा जुन्या इंग्रजीतला अर्थ पायाने ठोकरणे असाच आहे. घोडेस्वाराच्या टाचेला जो काटा असतो त्याला 'स्पर' म्हणतात. तो याच कुळातला. शेक्सपिअरच्या काळापर्यंत हा पाय शब्दात शाबूत होता. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये शायलॉक अँटोनिओला सुनावतो, की दारात आलेल्या परक्या कुत्र्याला ठोकरावे तसे तू मला ठोकरलेस आणि आता माझ्याकडेच पैसे मागतोस. तिथे क्रियापद हेच आहे. 'हॅम्लेट'मधल्या सुप्रसिद्ध स्वगतात तर ते नाम होऊन येते : लायक माणसाने नालायकांकडून मुकाट्याने सोसलेले अपमान. गंमत अशी, की 'हॅम्लेट'चे मराठी रूपांतर खुद्द आगरकरांनी केले आहे. 'विकारविलसित' या नावाने ते 1883 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या शब्दाने मी त्यांचे वर्णन करीत होतो, त्याच्याशी त्यांची गाठ माझ्या कितीतरी आधी पडलेली!

पुढे पाय गेला, तुच्छता राहिली. आज हा शब्द बहुधा पुढे केलेल्या गोष्टीसाठी येतो : मदतीचा हात, सल्ला, मैत्री, प्रेम. कोणीतरी काहीतरी घेऊन जवळ आलेले असावे लागते, आणि ते परतवताना 'हे माझ्या योग्यतेचे नाही' असा भाव असावा लागतो. म्हणून कारखान्यात सदोष माल 'रिजेक्ट' होतो, 'स्पर्न' होत नाही. तपासनिसाचा त्या मालावर राग नसतो. मात्र इंग्रजी वर्तमानपत्रांचे मथळे पाहून या शब्दाचा अर्थ ठरवू नये. तिथे जागा कमी आणि हा शब्द आखूड. एखादा देश दुसऱ्याचा प्रस्ताव अगदी अदबीने नाकारतो, तरी मथळ्यात त्याची लाथच छापून येते.

मराठीत या एका शब्दासाठी घरभर शब्द आहेत आणि प्रत्येकाचे गिऱ्हाईक वेगळे. अर्ज फेटाळतात. धमकी किंवा आमिष धुडकावतात. त्यात थोडे शौर्य आहे. जवळ आलेल्या माणसाला झिडकारतात. झटकलेला हात मला त्या शब्दातच दिसतो. अव्हेरणे जुने, पुस्तकी, पण त्यात अव्हेरलेल्याविषयी कणव असते. लाथाडतात ती संपत्ती, पद, चालून आलेले भाग्य. अर्ज झिडकारला असे कोणी म्हणत नाही आणि भावाला फेटाळले असेही नाही. 'नाकारणे' या सर्वांत गरीब. त्याला कोठेही बसवावे.

आणि 'पाणी सोडणे' या रांगेत बसतच नाही. दान देताना हातावरून पाणी सोडतात. जे आपले होते, किंवा होऊ शकले असते, त्यावरचा हक्क सोडणे एवढेच त्यात आहे. तुच्छता नाही, उलट सोडलेल्या गोष्टीची किंमत मान्य आहे. एम्. ए. होण्याच्या सुमारास आगरकरांनी आईला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुलाला मोठी नोकरी लागेल या तिच्या आशेला ते हसत नाहीत. आपण पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार, एवढे तिला समजावून सांगतात. कमालीच्या गरिबीत शिकलेल्या माणसाला पगार ही काय चीज आहे हे ठाऊक होते. ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले, 1892 मध्ये फर्गसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि 1895 मध्ये गेले. यात लाथ कोठे आहे?

बाईंचे म्हणणे मला पटले. पण त्या दिवशी वसतिगृहावर परतताना मला आठवत होते ते निराळेच. बारावीनंतर मामांनी मला त्यांच्या भुसार दुकानात बोलावले होते. सकाळी कराडलाच कॉमर्स कर, दुपारी दुकानात बस, पगार देतो, पुढे दुकान तुझेच, असे म्हणाले. मला पुण्यास येऊन साहित्य शिकायचे होते. आई अजून म्हणते, "माझ्या भावाचा शब्द लाथाडलास." मी दरवेळी उत्तर देतो, "लाथाडला नाही गं, नाकारला." आता त्या दिवसाचे वाक्य नीट आठवून पाहिले. दुकानात दोन गिऱ्हाइके उभी होती, हमाल होता. मी म्हणालो होतो, "मला जन्मभर गोण्या मोजायच्या नाहीत." मामांनी काही न बोलता तराजूत डाळ ओतली होती. त्यांनी तीस वर्षे गोण्याच मोजल्या आहेत. माझ्या अकरावी-बारावीची फीही त्यातूनच आली.

आगरकरांचे वाक्य मी दुरुस्त केले. तिथे 'गेव्ह अप' घातले. खाली बाईंनी गृहपाठ दिला होता, 'स्पर्न'चा योग्य उपयोग करून स्वतःचे एक वाक्य लिहा. मी लिहिले, 'द नेफ्यू स्पर्न्ड हिज अंकल्स ऑफर.'

वही परत आली तेव्हा त्यावर बरोबरची खूण होती.