गाडीच्या कॅरियरला तळ कशाचा घालावा?

मंडळी, १ जून ते ३१ जुलै हे बंदीचे ६१ दिवस म्हणजे होड्या वर ओढायचे, जाळी विणायचे दिवस. गाडीचं राहिलेलं कामही याच दिवसांत निघतं. बेतूल असो, कुटबण असो की मालीम, आपल्यातल्या बऱ्याच जणांची जाळी, दोर, बोये, वल्ही गाडीच्या टपावरूनच जातात. यंदा कॅरियर नवा करणार असाल तर वेल्डरकडे जाण्याआधी तळाचा विचार करा.

पहिला प्रश्न एकच: खारं पाणी त्यावर थांबेल का? थांबलं तर आधी तळ कुजेल, मग कॅरियर, मग टपाच्या कडेची पन्हळ. ती पन्हळ सडली की पाणी गाडीत.

दुसरा प्रश्न वजनाचा. बऱ्याच लहान गाड्यांच्या टपाला ५० ते १०० किलोच्या घरातच भार चालतो. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलात बघा. कॅरियरचं स्वतःचं वजनही सहसा त्यातच धरायचं असतं. तळ जितका जड, तितकं जाळं कमी. आणि ओलं जाळं सुक्यापेक्षा किती जड लागतं ते आपल्याला कोणी सांगायला नको.

आता ५ फूट बाय ४ फूट तळाचा हिशेब बघू.

लोखंडी पत्रा, ३ मिमी: साधारण ४४ किलो. टपाची निम्मी ताकद इथंच गेली. शिवाय रंगाला एक ओरखडा पडला की गंज सुरू. हा नकोच.

लोखंडी जाळी: हलकी, पाणीही थांबत नाही. पण कापून ताणलेल्या जाळीच्या कडा धारदार असतात, नायलॉनचे फास अडकतात आणि तुटतात. घ्यायचीच तर गरम जस्तात बुडवून काढलेली घ्या, वर रबरी चटई टाका.

प्लाय, १२ मिमी: १४-१५ किलो, स्वस्त. मरीन प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० हा शिक्का बघा. पाणी शिरतं ते कडांतून आणि भोकांतून. म्हणून कापून, भोकं पाडून झाल्यावर कडांना इपॉक्सी लावा. तरी सपाट फळीवर पाणी साचतंच, निचऱ्याला भोकं हवीत.

एचडीपीई शीट, १० मिमी: १८ किलो. कुजत नाही, गंजत नाही. काळी घ्या, उन्हात जास्त टिकते. पण तापली की वाढते, ५ फुटांना ६-७ मिमी सहज. बोल्टची भोकं लांबट ठेवली नाहीत तर शीट फुगून वर येते. ओलं जाळं तिच्यावर घसरतं, म्हणून बांधणी घट्ट हवी.

ॲल्युमिनियम चेकर प्लेट, ३ मिमी: १५-१६ किलो. अख्खा पत्रा घालण्यापेक्षा त्याच्या ४ इंची पट्ट्या कापून मध्ये १ इंच फट ठेवली तर वजन १२ किलोवर येतं आणि पाणी सरळ खाली जातं. खाली दर फुटाला आडवा पाइप हवा, आणि पट्ट्यांच्या कडा कानस मारून गोल करून घ्या. खर्च जास्त आहे, पण खाऱ्या कामाला आमची पसंती यालाच.

मात्र एक गोष्ट वेल्डरला सांगायलाच हवी. ॲल्युमिनियम थेट लोखंडावर किंवा स्टीलच्या बोल्टवर बसवू नका. होडीच्या पंख्याजवळ आपण झिंकचा तुकडा लावतो, तो स्वतः झिजतो आणि पंखा वाचवतो. इथं झिंकची जागा ॲल्युमिनियम घेतं. खारं पाणी लागलं की बोल्टभोवती पांढरी पूड धरते, भोक मोठं होतं आणि एक दिवस पट्टी सुटते. मागून स्कूटरवाला येत असेल तर? म्हणून मध्ये रबराची पट्टी आणि नायलॉनचे वॉशर घाला. बोल्ट एसएस ३१६ चे मिळाले तर उत्तम, खाऱ्या हवेत ते ३०४ पेक्षा जास्त टिकतात.

पावसात रंग नीट सुकत नाही, तेव्हा रंगकाम शेडखालीच करून घ्या. बर्फाच्या पेट्या, मासळीचे क्रेट आणि इंजिन टपावर चढवू नका. त्यांचं वजन वर गेलं की वळणावर गाडी कलते.

आणि तळ कशाचाही असो, जाळं उतरवल्यावर दोन बादल्या गोडं पाणी टपावर ओता. पन्हळीत अडकलेले खवले आणि रेतीही तेव्हाच काढा.