तालमीच्या गावचा व्यावसायिक फुटबॉलपटू

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने ओळखले जातात. पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा. त्याच गावचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि 6 ऑक्टोबर 2017 रोजी दिल्लीत 17 वर्षांखालील विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध उतरला.

त्या स्पर्धेतले गटातले तिन्ही सामने भारताने गमावले. सतराव्या वर्षी हे पचवून दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट बांधायचे, ही या पेशाची पहिली परीक्षा.

2019 मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सराव, मग जमशेदपूर, हैदराबाद हे संघ. शहर बदलते, भाषा बदलते, खोलीतला सोबती बदलतो. 2021-22 चा इंडियन सुपर लीगचा अख्खा हंगाम कोरोनामुळे गोव्यात, जैवसुरक्षा कवचात झाला: हॉटेल, बस, मैदान, पुन्हा हॉटेल. अशा कोंडीत साखळीतले 20 सामने खेळणे पायांपेक्षा मनाला जड. 20 मार्च 2022 रोजी फातोर्ड्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून हैदराबादने चषक जिंकला, तेव्हा अनिकेत विजेत्या संघात होता.

प्रेक्षकांना दिसतात ती 90 मिनिटे. त्यात खेळाडू साधारण 10 किलोमीटर धावतो. उरलेल्या आठवड्यात सराव, व्यायाम, मोजके जेवण, चित्रफिती पाहून चुका शोधणे आणि झोप. झोपेलाही इथे सरावाइतकाच मान!

अनिकेत जिथे घडला ती क्रीडा प्रबोधिनी ही राज्य सरकारची निवासी योजना आहे. वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजासारख्या गावातल्या चपळ पोरापर्यंत ही माहिती पोहोचायलाच हवी.